बेलिफमामांची वादी

आमच्या अंगणात चिंचेचं एक दांडगं झाड होतं. त्या झाडाच्या गर्द सावलीत, भर वैशाखात, बेलिफमामा डोक्यावर छत्री उघडून उभे राहायचे. ऊन लागू नये म्हणून नव्हे. जिथं उन्हाचा एक कवडसा पोचत नाही तिथं ऊन लागणार कुठून? छत्री होती ती सावली लागू नये म्हणून.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वरच्या कावळ्यांची भीती असेल. कोरेगावच्या मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि वाईहून आणलेली ट्रंक मी त्याच अंगणात उतरवून घेत होते. सत्तर साल असेल. समोर हा उंच, वाळका, बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस छत्रीखाली खांबासारखा उभा. मी आपलं विचारलं, "छत्री कशाला हो, इथं तर सावली आहे."

"सावली झाडाची," ते म्हणाले. "झाड अज्ञानाचं. मी फुकाट सावलीत हुबा ऱ्हायलो तर त्यो उपभोग झाला. पालनकर्त्याला अज्ञानाच्या मिळकतीचा उपभोग घेता येत न्हाई. उद्या वादीनं इचारलं तर?"

"कोण वादी?"

त्यांनी हनुवटीनं पायरीकडं दाखवलं. पायरीवर दोन वेण्यांची एक पोरगी मीठ लावून चिंचा खात बसली होती आणि चिंचोके लांब थुंकण्याचा सराव करत होती.

"ही वादी," मामा म्हणाले.

तर ही शालन. ती तेव्हा सहावीत होती. कायद्यात अल्पवयीन पोराला अज्ञान म्हणतात आणि फिर्याद करणाऱ्याला वादी, एवढं माझ्यासारख्या शाळामास्तरणीलाही ठाऊक होतं. पण एकच पोरगी एकाच वेळी अज्ञान आणि वादी कशी, हे समजायला मला मामांच्या शेजारी राहावं लागलं.

मामांचं नाव रामचंद्र. सातारच्या कोर्टात ते जन्मभर बेलिफ होते. बेलिफ म्हणजे लोकांच्या दारात समन्स घेऊन जाणारा, आणि वेळ आली की त्याच दारातली गाय सोडून नेणारा माणूस. पेन्शन झाल्यावर ते कोरेगावात येऊन राहिले. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. शालनची आई त्यांची धाकटी बहीण, तीही गेली. शालनचे वडील पलटणीत हवालदार होते, त्यांची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून दरीत कोसळली. मागं राहिलं ते हे घर, ही चिंच, ओढ्याकाठचं उसाचं रान आणि ही पोरगी. चुलता माधवनगरला गिरणीत कामाला होता आणि त्याचा डोळा उसावर होता, हे गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. म्हणून जिल्हा कोर्टानं मिळकतीचा पालनकर्ता म्हणून मामांना नेमलं. पोरीला सांभाळायला तिच्या विधवा आत्या, गंगुआत्या, तिच्याबरोबर राहायच्या. पुढच्या दोन खोल्यांची भाडेकरू मी. आणि मामा मधली बुटकी भिंत ओलांडली की पलीकडच्या त्यांच्या स्वतःच्या दोन खणांत.

एरवी पोर अठराव्या वर्षी सज्ञान होतं. कोर्टानं पालनकर्ता नेमला असेल तर एकविसाव्या. हा फरक मामांनी मला पहिल्याच संध्याकाळी समजावून दिला. मी अजून स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता.

"एकविसावं लागलं की ही मला कोर्टात हुबी करनार," ते म्हणाले.

"ही? कशावरून?"

"करत्यातच. आमी जल्मभर दुसरं काय बगितलं?"

मग त्यांनी वाईच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्यानं आईबापाविना पुतण्या वाढवला, शिकवला. पुतण्या सज्ञान झाला आणि पहिलं काम काय केलं, तर काकानं मधल्या काळात तोडलेल्या आंब्याच्या झाडांची भरपाई मागितली. दावा काका हरला. जप्ती घेऊन गेले ते मामा. "म्हातारा झोपाळ्यावर बसला हुता," ते म्हणाले. "त्याला उठवला आनि झोपाळा काडला. त्यो मला म्हनला, पोराला ताप आला तवा ह्याच झोपाळ्यावर घिऊन बसायचो. मी म्हनलं, काका, जरा बाजूला व्हा, कड्या काडायच्यात." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका कोरडा होता की मला त्यांचा रागच आला. मी दार लावून घेतलं आणि खिचडी टाकली.

पुढच्या वर्षांत मला त्या कायद्याचा इतका वीट आला की विचारू नका. मी भिंतीला कॅलेंडर लावायला खिळा मारू लागले तर भिंतीपलीकडून आवाज आला, "कोन ठोकतंय?" आणि मागोमाग मामा.

"बाई, भिंत अज्ञानाची हाय."

"एक खिळा आहे हो."

"खिळ्याचं भोक ऱ्हातं. खिळा जातो, भोक जात न्हाई. उद्या वादीनं इचारलं तर मी काय सांगू, बाईंना तिथी बगायची हुती?"

शालन सज्ञान होईपर्यंत माझं कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभं असे. डबा हलला की एकादशी खाली पडायची.

मामांचं एक पाठ केलेलं वाक्य होतं. ते डोळे मिटून, स्तोत्र म्हणावं तसं म्हणायचे: "साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या मिळकतीची जशी काळजी घेतो, तशी पालनकर्त्यानं अज्ञानाच्या मिळकतीची घेतली पाहिजे." एवढंच काय ते ते शुद्ध बोलायचे. आता यात गंमत अशी की कायद्याला साधारण शहाणा मनुष्य हवा होता. मामांच्यात साधारण असं काही नव्हतं, आणि शहाणपणाचा प्रश्न उरत होताच. शिवाय स्वतःच्या मिळकतीची ते अजिबात काळजी घेत नसत. त्यांच्या स्वतःच्या घराचं दार बिजागरीतून निखळून दोन वर्षं भिंतीला टेकलेलं होतं. कायद्याप्रमाणे वागायचं तर त्यांनी शालनचंही दार काढून ठेवायला हवं होतं. हे मी त्यांना एकदा सुनावलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मुद्दा चांगला हाय. वकीलसायबांना इचारतो."

म्हशीचं प्रकरण तर गावात गाजलं. मामांची एक म्हैस होती. तिनं एक दिवस दावं तोडलं, बुटकी भिंत पाडली आणि शालनच्या कडब्याच्या गंजीत तोंड घातलं. दुसऱ्या कुणाचीही म्हैस असती तर मामांनी दगड मारून हाकलली असती. ही स्वतःची होती. मामांनी तिला दोरी लावली आणि भर बाजारातून कोंडवाड्यात नेली. शाळा सुटून मी त्याच वाटेनं येत होते.

कोंडवाड्याचा शिपाई म्हणाला, "कुनाची म्हस?"

"माझी."

"आनि तक्रार कुनाची?"

"माझीच."

शिपायानं विडी विझवली. "आवं मामा, सोताच्या म्हशीची सोताच तक्रार?"

"तक्रार करतोय त्यो पालनकर्ता. म्हस हाय ती रामचंद्राची. दोगं येगळे हायेत."

"मंग सोडवायला कोन येनार?"

"रामचंद्र येईल," मामा म्हणाले. आणि खरंच, घरी जाऊन, टोपी बदलून, संध्याकाळी म्हैस सोडवायला परत गेले. शिपायानं हे पुढं चार गावांना सांगितलं. म्हैस मात्र त्यानंतर मामांकडं संशयानं बघायची.

दिवाळीला ते शालनसाठी सातारहून फ्रॉक आणायचे. पण तो फ्रॉक असा सुखासुखी तिच्या हातात पडत नसे. आधी मला आणि गंगुआत्यांना ओसरीवर बोलवायचं. मग फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून जाहीर करायचं, "ह्यो माझ्या पेन्शनीतला हाय. हिच्या उसातला न्हाई. तुमी दोगी साक्षीदार." तोवर पोरगी टाचा उंचावून ताटकळत असायची. आणि दिवाळीचा लाडू तिनं पुढं केला की हे दोन पावलं मागं सरायचे. अज्ञानाला बक्षीस देण्याचा अधिकार नसतो.

"आरं बाबा, लाडू हाय त्यो," गंगुआत्या कपाळाला हात लावायच्या.

"गहू कुनाचं?" मामा विचारायचे.

शालनला या सगळ्याचं काही वाटत नसे. तिला मामा असेच असतात असं वाटत असावं. ती चिंचेवर दगड मारायची तेव्हा ते धावत यायचे आणि म्हणायचे, "झाड तुजं हाय, म्हनूनच तुला हात लावता यायचा न्हाई." ती दगड खाली टाकायची आणि ते वळले की दुसरा उचलायची. मामा एकदा शाळेत येऊन मला मुद्दाम भेटले. मला वाटलं, पोरीच्या खोड्यांबद्दल बोलायचं असेल. तर म्हणाले, "बाई, हिचं गनित पक्कं करून घ्या. आनि वाचायला शिकवा, बारीक अक्षर. उद्या मला उलटं-सुलटं इचारायचं झालं तर हिला जमलं पायजे." स्वतःविरुद्धच्या दाव्याची अशी तयारी करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी म्हटलं, "मामा, तिला तुमच्याविरुद्ध वकीलच करा की." ते विचारात पडले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते फांदीपर्यंत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पण चिंचेची एक मोठी फांदी त्यात वाळली ती वाळलीच. ती नेमकी स्वयंपाकघरावर आलेली. गंगुआत्या रोज म्हणायच्या, "आवं मामा, ही फांदी सैपाकघरावर यायची बगा."

"झाड जित्तं हाय न्हवं?"

"झाड हाय. फांदी मेलीया."

"मग ती फांदी झाड धरायची का लाकूड? लाकूड धरलं तर इक्री आली. इक्री आली की परवानगी आली."

साताऱ्याच्या वकिलांनी त्यांना सांगितलं की वाळलेली फांदी तोडायला कोर्टाची परवानगी लागत नाही, कुऱ्हाड लागते. मामा म्हणाले, "लेखी द्या." वकिलांनी हात जोडले. मग मामांनी स्वतःच अर्ज लिहिला आणि कोर्टात टाकला. तारीख पडली, पुढं गेली, पुन्हा पडली. मामा प्रत्येक तारखेला कोट घालून साताऱ्याला जायचे आणि परत येऊन फांदीखाली उभे राहायचे. छत्री उघडून. ती फांदी कोसळली असती तर छत्रीनं काय होणार होतं देव जाणे.

फांदी कोसळली ती वळवाच्या वाऱ्यात, एका दुपारी. असा आवाज झाला की मी खोलीतून पायात चप्पल न घालता धावले. स्वयंपाकघराचं छप्पर आत बसलं होतं, कौलांचा चुरा, चुलीवर आडवा पडलेला लाकडाचा ओंडका. गंगुआत्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या म्हणून वाचल्या. मामा भिंतीवरून उडी टाकून आले. त्या वयात. आणि असं ओरडले की मी तो आवाज त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"वादी कुठं हाय?"

शालन विहिरीमागून घागर घेऊन आली. "काय झालं?"

मामा तिथंच कौलांच्या चुऱ्यात मटकन बसले. त्यांचे ओठ हलत होते. मी पाणी आणायला वळले तेवढ्यात ते सावरले आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "कुनी कशाला हात लावू नका. पंचनामा व्हायचा हाय."

चुलत्याला हेच हवं होतं. त्यानं माधवनगरहून येऊन अर्ज टाकला, की पालनकर्ता निष्काळजी आहे, अज्ञानाची मिळकत त्याच्या डोळ्यांदेखत पडली, अज्ञानाचा जीव जाता जाता वाचला, तरी त्याला काढून टाकून मला नेमावं. अर्जातला शब्द न् शब्द खरा होता, हीच पंचाईत. उसाचं रान चुलत्याच्या हाती गेलं असतं तर शालन सज्ञान होईपर्यंत त्यातलं काय शिल्लक राहिलं असतं, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

साताऱ्याला आम्ही सगळे गेलो. मामा ज्या कोर्टात जन्मभर लोकांच्या नावाचा पुकारा ऐकत उभे राहिले, तिथं त्यांच्या नावाचा पुकारा झाला. जज्जसाहेब तरुण होते. त्यांनी विचारलं, "फांदी वेळेवर का तोडली नाही?"

"परवानगीचा अर्ज केला हुता, सायेब."

"परवानगी लागत नाही असं तुमच्या वकिलांनी सांगितलं होतं ना?"

"तोंडी, सायेब."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "हे पाहा, काहीतरी चुकीचं करणं हाच तेवढा दोष नसतो. काहीच न करणं हीसुद्धा हयगयच. तुम्ही या मुलीची मिळकत जपली नाहीत, तुम्ही स्वतःला जपलंत."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांना हे सांगायलाच हवं होतं. ते कठड्याला धरून उभे राहिले.

मग जज्जसाहेबांनी शालनला पुढं बोलावलं. ती नववीत होती, पुरेशी समजती. "बाळ, तुझी यांच्याबद्दल काही तक्रार आहे?"

"लय हायेत सायेब," शालन म्हणाली.

चुलता खुर्चीच्या कडेला आला.

"पर त्या मी एकविसाव्या वर्षासाठी ठिवल्यात. मामाच म्हनत्यात, सगळं तवाच इचारायचं असतंय. तवर ह्योच मानूस पायजे. न्हाईतर मी इचारू कुनाला?"

सगळं कोर्ट हसलं. जज्जसाहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मामांना कडक समज मिळाली, छप्पर ताबडतोब दुरुस्त करण्याचा हुकूम मिळाला, आणि पालनकर्तेपण राहिलं. चुलता पुढच्या गाडीनं माधवनगरला गेला तो पुन्हा दिसला नाही.

हसले नाहीत ते फक्त मामा. परतीच्या एसटीत ते शालनच्या मागच्या बाकावर बसले होते. रहिमतपूरच्या फाट्यावर त्यांना राहवलं नाही. ते पुढं झुकून म्हणाले, "कोनच्या तक्रारी गं?"

"सांगनार न्हाई," शालन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आत्ता सांगितल्या तर तुमी दुरुस्त करचाल."

त्या वाक्यानं मामांची झोप उडाली. पुढची सगळी वर्षं ते त्या तक्रारी शोधत फिरले. छपरावर नवी मंगलोरी कौलं चढली. गोठ्याला कुडाच्या जागी विटा आल्या. विहिरीला रहाट आला. या सगळ्याला परवानगी लागते का, हे विचारायला आता ते कुठं गेले नाहीत. मला मात्र कोपऱ्यात गाठून विचारायचे, "बाई, तुमच्याजवळ काय बोलली का? रहाटाबद्दल? उसाबद्दल?" मी दुष्टपणानं म्हणायचे, "बोलली होती खरी काहीतरी," आणि पुढं काही सांगायचे नाही. मला त्यांची मजा वाटायची. भाडं वेळेवर देऊन कॅलेंडर जमिनीवर ठेवणाऱ्या बाईला एवढा हक्क असतो.

शालन शिकली. सांगलीला अध्यापिका विद्यालयात गेली आणि तिथल्याच एका शाळेत तिला नोकरी लागली. सुट्टीला यायची. एकविसावं लागलं की मिळकत ताब्यात घ्यायची, रान वाट्यानं लावायचं, आणि गंगुआत्यांना घेऊन सांगलीला बिऱ्हाड करायचं असं तिनं ठरवलं. घर भाड्यानं मला सगळंच मिळणार होतं. खिळे मारायची परवानगी मी आधीच घेऊन ठेवली होती.

तो दिवस आला. मामांनी सकाळपासून कोट चढवला होता. त्यांनी शालनला सगळी मिळकत फिरून दाखवली, तिच्याच घरात, जणू ती परगावची गिऱ्हाईक आहे. ही विहीर. हा गोठा. ही भिंत, हिला म्हशीनं पाडलं होतं, पण बांधली रामचंद्राच्या खर्चानं. मग रान. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो. वकिलांनी कागद लिहून दिला होता: मिळकत ताब्यात मिळाली, पालनकर्त्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. त्यावर शालनची सही, खाली साक्षीदार म्हणून माझी, आणि सकाळच्या गाडीनं कागद घेऊन साताऱ्याला जायचं. तिथं कोर्ट मामांना मोकळं करणार होतं.

शालननं कागदावरून नजर फिरवली आणि हात पुढं केला. "पेन द्या."

मामांनी पेन दिलं नाही.

"वाच की नीट."

"वाचलं."

"कवा? आत्ता तर हातात घेतलास. आनि तक्रारी? जज्जसायबाफुडं म्हनाली हुतीस लय हायेत."

"त्या व्हय?" शालन हसली. "चुलत्याचं त्वांड बगून बोलले हुते मी. एक बी नव्हती, मामा. तवा बी न्हाई, आत्ता बी न्हाई. द्या पेन."

आता हे हात जोडून देवाचं नाव घेतील, असं मला वाटलं. हेच ऐकायला त्या माणसानं इतकी वर्षं जीव मुठीत धरून काढली होती. पण मामांचा चेहरा उतरला. एखाद्याचा अर्ज फेटाळला गेल्यावर उतरतो तसा.

"एक बी न्हाई?"

"न्हाई."

"नीट आटव. गोठ्याचं? रानाच्या बांधाचं?"

"मामा, काय झालंय तुमास्नी?"

मामा पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "सही झाली की कोर्टाची ऑर्डर खलास. मग सकाळच्या पारी भित्ताड वलांडून हिकडं यायचं झालं, तर मी कोन म्हनून यायचं?"

"मामा म्हनून या की."

"त्याची ऑर्डर कुठं हाय?"

ते थट्टा करत नव्हते. ते खरोखर विचारत होते. आणि मला एकदम कळलं, की हा माणूस उभ्या जन्मात हातात कागद असल्याशिवाय कुणाच्या दारात गेलेलाच नव्हता. त्याला तसं जाता येत नव्हतं. दारात बोलावलं जातं, या बसा म्हटलं जातं, हे त्यानं सगळीकडं पाहिलं होतं, पण ते नेहमी तो येण्याच्या आधीच्या पाहुण्यासाठी असायचं. त्याच्या नावाचा एकच कागद असा निघाला होता की जो घेऊन गेल्यावर आतून एक पोरगी धावत बाहेर यायची, आणि तो कागद तो आता स्वतःच्या हातानं रद्द करून घेत होता. मला त्याचा संताप आला. दहा वर्षं लाडू नाकारला होता मेल्यानं.

गंगुआत्यांनी पदर तोंडाला लावला. शालननं मामांकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "हाय एक तक्रार." तिनं डोळे इकडंतिकडं फिरवले. ती तक्रार शोधत होती हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि बहुधा मामांनाही. शेवटी तिनं वर बघितलं. "ही कौलं. आधीची देशी कौलं बरी हुती, उनाळ्यात गार. तुमी मंगलोरी कुनाला इचारून घातली?"

मामा ताठ बसले. कोटाचं वरचं बटण लावलं. "मंगलोरी का घातली? सांगतो. बस खाली. पयल्यांदा वाशाचा मुद्दा घिऊ."

"आज नगं. हे एका दिसात उरकायचं न्हाई," शालन म्हणाली. "मला सुट्टी रविवारची. दर रविवारी येत जाईन आनि एकेक इचारीन. तवर सही करनार न्हाई."

"करूच नगंस," मामा घाईघाईनं म्हणाले. "दावा लावायला कायद्यानं तीन वरसं हायेत तुला. गडबड कशापायी?"

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला कुणीच गेलं नाही. आत्यांचं बिऱ्हाड सांगलीला गेलं, आणि शालन रविवारच्या पॅसेंजरनं कोरेगावला यायला लागली. मामा ओसरीवर आधीपासून तयार असायचे. दोघांची भांडणं माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायची. रहाटाचं चाक लाकडी की लोखंडी यावर ती एकदा दिवेलागणीपर्यंत चालली. एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते तेव्हा शालन मला स्टेशनच्या रस्त्यावर भेटली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "बाई, माझ्या संपत आल्या. आजला काय काडू?"

मी तिला ओढ्याकाठच्या बांधाचं सुचवलं. त्याला दोन रविवार तरी सहज लागले असते.